आत्याचा कानमंत्र: सहलीचे पैसे भरण्याआधी

दादा-वहिनींना मे महिन्यात युरोपला पाठवायचं ठरवलंस, फार बरं केलंस. पण परवा फोनवर तू म्हणालास, "आत्या, विमा पॅकेजमध्येच आहे, त्यामुळे काळजी नाही." तेवढ्या एका वाक्यासाठी हे सगळं लिहिते आहे. माझी सगळी नोकरी जनरल इन्शुरन्समध्ये क्लेमच्या टेबलावर गेली. "विमा होता की!" असं म्हणत समोर बसलेली माणसं मी पाहिली आहेत. विमा खरोखरच असायचा. फक्त जे बिघडलेलं असायचं त्याचा नसायचा.

म्हणून पहिली गोष्ट. विम्याचा कागद हातात आला की रक्कम बघू नकोस. आधी हे विचार, की कुणाचं काय बिघडलं तर हा कागद पैसे देणार आहे? तुझ्या टूर कंपनीनं जो विमा धरलाय तो बहुतेक शेंगेन व्हिसासाठी लागतो तोच असेल. व्हिसाची अट आहे किमान ३०,००० युरोंच्या संरक्षणाची: परदेशात अचानक आलेलं आजारपण, इस्पितळ, आणि वाईट वेळ आलीच तर माणसाला मायदेशी आणण्याचा खर्च. म्हणजे दादाचं काही बिघडलं तर तो कागद उपयोगी. टूर कंपनीचं बिघडलं तर त्याचा काडीचा उपयोग नाही.

त्याच्या वरच्या दर्जाच्या पॉलिसीत 'ट्रिप कॅन्सलेशन' असतं. ते वाचून लोक निर्धास्त होतात, पण तिथंही कारणांची यादी दिलेली असते: प्रवाशाचा किंवा जवळच्या नातेवाइकाचा मृत्यू, इस्पितळात दाखल व्हावं लागणं, नैसर्गिक आपत्ती, अशी. यादीत जे आहे तेवढ्यालाच पैसे. आणि तेही सहल तुम्ही रद्द केलीत तरच. कंपनीनं रद्द केली तर तो तुमचा आणि कंपनीचा मामला, असं विमा कंपनी सांगते. बऱ्याच पॉलिसींत तर अपवादांच्या पानावर स्पष्ट लिहिलेलं असतं, की टूर ऑपरेटर, ट्रॅव्हल एजंट किंवा विमान कंपनी आर्थिक अडचणीत येऊन बंद पडली तर दावा मिळणार नाही. काही महागड्या योजनांत विमान कंपनीच्या दिवाळखोरीचा समावेश असतो, पण तो आहे असं विकणाऱ्याच्या तोंडून ऐकून चालणार नाही. रंगीत माहितीपत्रक बाजूला ठेव आणि 'पॉलिसी वर्डिंग' नावाची लांबलचक पीडीएफ माग. तिच्यात 'इन्सॉल्व्हन्सी' हा शब्द शोध. तो 'कव्हर'खाली सापडतो की 'एक्सक्लूजन'खाली, एवढं पाहिलंस तरी निम्मं काम झालं.

माझी लेक लेस्टरला असते, तुला माहीतच आहे. तिनं गेल्या वर्षी स्पेनची सहल घेतली तेव्हा पैसे भरताच तिच्या हातात 'एटॉल'चं प्रमाणपत्र पडलं. ब्रिटनमध्ये विमान आणि हॉटेल एकत्र विकणाऱ्या कंपनीला तिथल्या नागरी विमान प्राधिकरणाचा हा परवाना घ्यावाच लागतो, आणि दर प्रवाशामागे अडीच पौंड एका निधीत भरावे लागतात. कंपनी बुडाली तर निघण्याआधीच्या लोकांना त्या निधीतून पैसे परत मिळतात आणि बाहेर अडकलेल्यांना घरी आणलं जातं. हे शहाणपण त्यांना सुखासुखी आलेलं नाही. १९७४ च्या ऑगस्टमध्ये, ऐन सुट्टीच्या हंगामात, कोर्ट लाइन नावाचा मोठा उद्योगसमूह कोसळला. हजारो लोक परदेशात अडकले, त्याहून कितीतरी जणांचे भरलेले पैसे गेले. त्यानंतर १९७५ मध्ये राखीव निधीचा कायदा झाला.

त्या निधीची मोठी परीक्षा २०१९ साली झाली. थॉमस कुकनं १८४१ मध्ये लेस्टरहून लोकांना आगगाडीनं लफबरोला नेलं, तिथून हा सगळा धंदा सुरू झाला. लेस्टर स्टेशनाबाहेर त्याचा पुतळा आहे. त्याच्या नावाची कंपनी २३ सप्टेंबर २०१९ ला पहाटे बंद पडली. दीड लाखाच्या आसपास ब्रिटिश प्रवासी तेव्हा परदेशात होते. प्राधिकरणानं जगभरातून विमानं भाड्यानं घेतली आणि दोन आठवड्यांत त्यांना परत आणलं. पॅकेजवाल्यांचे पुढच्या सहलींचे पैसेही निधीतून फेडले.

हे सगळं सांगते आहे कारण युरोपला जातोय म्हणजे युरोपचे कायदे आपल्याला लागू, असा लोकांचा समज असतो. तसं नाही. दादा-वहिनी सहल पुण्यातल्या कंपनीकडून पुण्यात घेताहेत. एटॉलचा त्यांच्याशी संबंध नाही, युरोपीय संघाच्या पॅकेज नियमांचाही नाही. आणि भारतात, कंपनी बुडाली तर प्रवाशाचे पैसे परत करणारा असा सक्तीचा निधी नाही. 'आम्ही अमुक संघटनेचे सभासद', 'पर्यटन मंत्रालयाची मान्यता', 'आयाटाचे एजंट' अशा पाट्या ऑफिसात असतात. त्या असणं चांगलंच. कंपनी आज उगवलेली नाही हे त्यावरून कळतं. पण मंत्रालयाची मान्यता ऐच्छिक असते आणि आयाटाची हमी विमान कंपन्यांचे पैसे सुरक्षित राहावेत म्हणून असते. तुझ्या पैशाची हमी त्यात कुणीच घेतलेली नाही.

आणि निधी असला तरी त्याचा तळ किती खोल आहे ते बघायचं असतं. हे मला माझ्या धंद्यामुळे विशेष जाणवतं. थॉमस कुकची जर्मन शाखाही त्याच आठवड्यात दिवाळखोरीत गेली. जर्मनीत कंपन्यांना दिवाळखोरीचा विमा सक्तीचा होता, सगळं कायदेशीर होतं. पण विमा कंपनीची वर्षाची जबाबदारी ११ कोटी युरोंपुरती मर्यादित होती आणि नुकसान त्याच्या कितीतरी पुढे गेलं. शेवटी सरकारला जाहीर करावं लागलं की उरलेले पैसे आम्ही देऊ. त्यातून धडा घेऊन त्यांनी २०२१ मध्ये वेगळा निधी उभारला, आणि २०२४ च्या जूनमध्ये एफटीआय ही मोठी कंपनी बुडाली तेव्हा तो कामी आला. म्हणून कुठलाही कागद असो, 'कमाल मर्यादा' हा रकाना वाचल्याशिवाय खाली ठेवू नकोस.

आता आपल्याकडच्या विमान कंपन्या बघ. किंगफिशर थांबली २०१२ च्या ऑक्टोबरात, दिवाळी तोंडावर असताना. जेटचं शेवटचं विमान उडालं १७ एप्रिल २०१९ ला, शाळांना सुट्ट्या लागायच्या बेताला. गो फर्स्ट बंद झाली ३ मे २०२३ ला. प्रत्येक वेळी सुट्टीचे पैसे आधीच गोळा झालेले होते. एकदा कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली की तिच्याविरुद्धच्या वसुलीला स्थगिती लागते. ग्राहक आयोगात टाकलेली केससुद्धा तिथंच थांबते. तुम्ही दावा भरायचा आणि रांगेत उभं राहायचं. त्या रांगेत बँका पुढे, कामगार पुढे, आणि आगाऊ पैसे भरलेला प्रवासी पार मागे. जेट २०१९ ला थांबली आणि ती अवसायनात काढायचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला २०२४ च्या नोव्हेंबरात. तेवढा काळ कुणाच्या सहलीचे पैसे अडकून राहावेत?

म्हणून मी म्हणते, आगाऊ भरलेले पैसे म्हणजे त्या कंपनीला दिलेलं बिनतारण, बिनव्याजी कर्ज समज. कर्ज देताना सावकार जे जे बघतो ते सगळं तू बघायचंस, आणि त्यात संकोच करायचा नाही. आपल्याकडे ओळखीतून सहली ठरतात. "आमच्या सोसायटीतले चौघं जाऊन आलेत" हे पुरेसं वाटतं. गेल्या वर्षी ते छान जाऊन आले, यावरून यंदा कंपनीच्या खात्यात पैसे आहेत की नाहीत हे कसं कळणार?

आधी नाव बघ. पाटीवरचं नव्हे, पावतीवरचं. थॉमस कुक इंग्लंडात बुडाली तेव्हा इथंही लोक घाबरले, पण थॉमस कुक इंडिया २०१२ पासूनच वेगळ्या मालकीची होती, तिच्या सहली चालू राहिल्या. नाव एक, मालक निराळे. याच्या उलटही होतं: जुनं नावाजलेलं नाव वापरणारी गावोगावची फ्रँचायझी ही प्रत्यक्षात वेगळीच भागीदारी संस्था असते. तेव्हा पावतीवर जे कायदेशीर नाव असेल ते कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर टाकून बघ. कंपनी चालू आहे का, ताळेबंद शेवटचा कधी भरला, मालमत्तेवर बोजे किती. मग पावतीवरचा जीएसटी क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर तपास. तिथं 'ॲक्टिव्ह' दिसलं पाहिजे आणि नाव जुळलं पाहिजे. वर्षानुवर्षं हिशेब न भरणाऱ्या कंपनीकडे जायचं नाही, मग तिच्या सहलीत पुरणपोळी मिळत असली तरी.

पैसे कुठल्या खात्यात जाताहेत ते पावतीइतकंच महत्त्वाचं. कंपनीच्या नावाच्या चालू खात्याशिवाय दुसरीकडे एक रुपया टाकायचा नाही. "साहेबांच्या नंबरवर जीपे करा, जीएसटी वाचेल" असं कुणी म्हणालं तर तिथून उठायचं. परदेशी पॅकेजवर कंपनीला ग्राहकाकडून टीसीएस हा कर घेऊन सरकारकडे भरावा लागतो. भरल्यावर तो आयकराच्या पोर्टलवर पैसे भरणाऱ्याच्या पॅनसमोर दिसायला हवा. ठरलेल्या मुदतीनंतरही दिसला नाही, तर कंपनी सरकारचेच पैसे दाबून बसली आहे असा त्याचा अर्थ होऊ शकतो. मग तिनं तुझ्या हॉटेलचे तरी भरले असतील का? लगेच विचारणा कर, आणि समाधान होईपर्यंत पुढचा हप्ता थांबव.

शक्य तेवढे पैसे क्रेडिट कार्डानं भर. पोरं आता सगळं यूपीआयनं भरतात, सोपं आहे, मला मान्य आहे. पण सेवा मिळाली नाही तर कार्डाच्या व्यवहारावर बँकेकडे 'चार्जबॅक' मागता येतो. मुदत साधारणपणे १२० दिवसांची असते, आणि ती बहुधा सेवा मिळायला हवी होती त्या तारखेपासून मोजली जाते. बँकेचे नियम आधी वाचून ठेव. ब्रिटनमध्ये याहून भक्कम सोय आहे: १९७४ च्या ग्राहक पत कायद्याच्या कलम ७५ प्रमाणे शंभर पौंडांपासून तीस हजार पौंडांपर्यंतच्या खरेदीला कार्ड देणारी बँकही विक्रेत्याइतकीच जबाबदार असते. आपल्याकडे तो कायदा नाही, चार्जबॅक हा कार्ड नेटवर्कचा नियम आहे. तरी रोख किंवा एनईएफटीपेक्षा शंभर पटींनी बरा. दोन टक्के जादा लागतात म्हणून लोक टाळतात. ते दोन टक्के मी विम्याचा हप्ता समजून भरते, कारण कंपनी बुडण्याविरुद्ध आपल्याकडे जे थोडं संरक्षण मिळतं ते इथंच मिळतं. फक्त कार्डाचं बिल वेळेत भर, नाहीतर व्याजात सगळं जाईल.

हप्ते जितके उशिरा भरता येतील तितके उशिरा भर. 'आत्ता पूर्ण रक्कम भरा आणि तीस हजार वाचवा' ही सवलत मोहात पाडते. थोडी सवलत धंद्यात असतेच. पण पुढच्या वर्षीच्या सहलीसाठी आज सगळे पैसे मागणारी आणि त्यासाठी वाटेल तेवढी सूट देणारी कंपनी मला घाबरवते. पुढच्यांच्या पैशातून आधीच्यांची हॉटेलं भागवायची वेळ आली की असंच होतं. मॉलमध्ये कूपन भरून घेतात, मग जेवणाला बोलावून पंचवीस वर्षांची हॉलिडे मेंबरशिप गळ्यात मारतात, त्याबद्दल तर एवढंच सांगते, की पंचवीस वर्षांचं आगाऊ भाडं कुणालाच द्यायचं नाही.

प्रत्येक हप्त्याच्या बदल्यात काहीतरी हातात आलं पाहिजे. विमानाच्या तिकिटाचं नीट समजून घे. कंपनी पीएनआर पाठवते आणि आपण खूश होतो. पीएनआर म्हणजे नुसती जागा धरलेली असू शकते. पैसे विमान कंपनीला पोचले याची खूण म्हणजे तेरा आकडी ई-तिकीट क्रमांक. तो दादा आणि वहिनी दोघांचा वेगवेगळा असतो. विमान कंपनीच्या संकेतस्थळावर जाऊन स्वतः बघ. ग्रुपची तिकिटं उशिरा निघतात हे खरं आहे, म्हणून 'कधी निघणार' ती तारीख ईमेलवर लिहून घे. एकदा तिकीट निघालं की टूर कंपनीचं काहीही होवो, विमान कंपनीच्या दप्तरी त्यांचं नाव आहे. आणि विमान कंपनीनं उड्डाण रद्द केलं तर एजंटमार्फत काढलेल्या तिकिटाचाही परतावा देण्याची जबाबदारी डीजीसीएच्या नियमाप्रमाणे विमान कंपनीवर असते. "एजंटला विचारा" म्हणून ती हात झटकू शकत नाही.

आता कंपनी बुडत नाही पण सहल रद्द करते, हे जास्त वेळा घडतं. बुकिंग फॉर्मच्या मागच्या अटी वाच. 'किमान प्रवासी संख्या न झाल्यास' असं एक कलम असतं. किती दिवस आधी कळवणार, पैसे किती दिवसांत परत, की 'दुसऱ्या सहलीत सामावून घेऊ' एवढंच? दादाच्या रजेचा प्रश्न नाही, पण वहिनीच्या गुडघ्यांना जुलैतली गर्दी झेपणार नाही, हे तू आत्ताच लेखी कळवून ठेव: तारीख बदलली तर पूर्ण परतावा हवा. त्यांनी 'हो' असं उत्तर दिलं की ते ईमेल छापून फाइलला लाव.

रद्द झाल्यावर कंपनी 'क्रेडिट नोट' पुढे करते. करोनात विमान कंपन्यांनी 'क्रेडिट शेल' हा शब्द सगळ्यांना शिकवला. सर्वोच्च न्यायालयानं १ ऑक्टोबर २०२० ला निकाल दिला तेव्हा लॉकडाउनच्या काळात काढलेल्या तिकिटांचे पैसे ताबडतोब परत करायला सांगितले, आणि आधी काढलेल्यांसाठी, कंपनी अडचणीत असेल तर ३१ मार्च २०२१ पर्यंत क्रेडिट शेलची मुभा दिली. म्हणजे ज्या कंपनीकडे पैसे नाहीत तीच क्रेडिट देते, हे ध्यानात घे. निवड तुझ्या हातात असेल तर कमी का होईना, पण रोख परतावा घे. क्रेडिट नोट घेणं म्हणजे तेच बिनतारण कर्ज पुन्हा नव्यानं देणं.

विमा वेगळा घ्यायचा तर लवकर घे. ट्रिप कॅन्सलेशनचं संरक्षण साधारणपणे पॉलिसी घेतल्यापासून सुरू होतं. लोक ती निघायच्या आदल्या आठवड्यात घेतात आणि मधले चार महिने उघडे राहतात. शिवाय कंपनीच्या अडचणीची बातमी पेपरात आल्यावर घेतलेली पॉलिसी त्या कारणासाठी चालत नाही, कारण जे माहीत झालंय त्याचा विमा उतरत नाही. दादाची अँजिओप्लास्टी लपवू नकोस. प्रपोजल फॉर्ममध्ये लिहिलेल्या आजारावरून हप्ता वाढेल, पण लपवलेल्या आजारावरून दावा फेटाळला जातो, आणि मग आम्हा टेबलाच्या पलीकडे बसलेल्यांनाही काही करता येत नाही. ग्रुप पॉलिसी असेल तर कंपनीकडून दोघांच्या नावाची प्रमाणपत्रं घे आणि विमा कंपनीच्या हेल्पलाइनला फोन करून ते क्रमांक खरे आहेत का विचार.

दावा नाकारला तर गप्प बसू नकोस. आधी विमा कंपनीकडे लेखी तक्रार. महिन्याभरात दाद लागली नाही किंवा उत्तर पटलं नाही तर विमा लोकपाल. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे वाद ते ऐकतात. कंपनीच्या नकारानंतर वर्षाच्या आत जायचं. टूर कंपनीविरुद्ध असेल तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक, आणि तिथं मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षं. मात्र हे कंपनी उभी असेपर्यंतच. म्हणून पैसे अडकल्याचा वास आल्याबरोबर तक्रार कर, "बघू, मे नंतर देतो म्हणालेत" यावर थांबू नकोस. कंपनी दिवाळखोरीत गेलीच तर पेपरात जाहीर सूचना येते, तिच्यात दावा भरायची मुदत असते. ती चुकवू नकोस. आणि मालक दुकानाला कुलूप लावून गायब झाला असेल तर ती दिवाळखोरी नव्हे, फसवणूक आहे. थेट पोलिसांत जायचं, त्याच दिवशी.

एक गोष्ट दादा-वहिनींना स्वतः समजावून सांग. तिकडे असताना कंपनी बुडाली तर हॉटेलवाला पैसे मागतो, कारण त्याला कंपनीकडून मिळालेले नसतात. थॉमस कुक बुडायच्या आदल्या शनिवार-रविवारी ट्युनिशियात हम्मामेतच्या एका हॉटेलनं पाहुण्यांना जास्तीचे पैसे भरल्याशिवाय बाहेर सोडलं नव्हतं, अशा बातम्या आल्या होत्या. घाबरायचं नाही, भांडायचं नाही, जमल्यास कार्डानं भरायचं आणि पावती घ्यायची. तिच्यावर 'टूर कंपनीनं पैसे न दिल्यामुळे' असं लिहून मागायचं. दोघांकडे वेगवेगळं फॉरेक्स कार्ड असू दे, थोडे युरो अंगावर, आणि जिथं जिथं मुक्काम आहे त्या देशातल्या भारतीय वकिलातीचा फोन नंबर कागदावर लिहिलेला. मोबाइलची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते. परतीच्या तिकिटाची छापील प्रत वहिनीच्या पर्समध्ये ठेव, टूर मॅनेजरकडे नको.

बुकिंग फॉर्मच्या अटींची पानं आणि पॉलिसी वर्डिंगची पीडीएफ मला आज पाठव, मी खुणा करून परत देते. आणि दुसरा हप्ता कधी भरायचा आहे ते कळव. त्याआधी कंपनीच्या ऑफिसात जायचं असेल तर मीही येते तुझ्याबरोबर.